जवळ्याची चटणी आणि साडेअकरा सेंटिमीटर

कोकणातल्या जिल्हा परिषदांचे महिला व बालकल्याण विभाग, आरोग्य विभाग आणि तीव्र कुपोषित बालकांसाठी उपचारात्मक आहाराच्या चाचण्या आखणारी सर्व संशोधक मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मागे एकदा पोषण माहातल्या पाककृती स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. निवृत्त माणसाला अशी आमंत्रणं येतात. शाल, नारळ आणि तीस-चाळीस पदार्थ चाखायची शिक्षा. टेबलावर नाचणीचे लाडू होते, शेवग्याच्या पाल्याचं थालीपीठ होतं, वरईचा शिरा होता, फणसाच्या आठळ्यांची खीर होती, केळफुलाची कटलेटं होती (ती खरोखरच झकास होती). बहुतेक पदार्थांपुढे रंगीत पुठ्ठ्यावर लिहिलेलं, ‘कुपोषणावर रामबाण’. एक तरुण अधिकारी उत्साहाने म्हणाले, “मॅडम, पहिले तीन नंबर येतील ते पदार्थ आपण तीव्र कुपोषित मुलांनाच सुरू करू या.”

टेबलाच्या पार टोकाला, दाराशी, एका कातकरी मदतनीस बाईने आणलेली भाजक्या जवळ्याची, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीची, चटणी आणि तांदळाची भाकरी होती. तिच्यापुढे पुठ्ठा नव्हता. वास येतो म्हणून कोणीतरी ताटली दाराकडे सरकवली होती. मी चटणी चाखली, दुसऱ्यांदा घेतली, आणि नंबर मात्र लाडवांना दिले. उत्तेजनार्थसुद्धा तिला काही दिलं नाही. त्या दिवसापासून दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. एक तो रामबाणाचा पुठ्ठा आणि दुसरी ती दाराकडे सरकवलेली ताटली. हे पत्र त्या दोहोंबद्दल आहे.

माझी ओळख थोडक्यात. रायगड जिल्ह्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून माझी नोकरी गेली. खाडीकाठचे कोळीवाडे, डोंगरातल्या कातकरी वाड्या आणि दोहोंच्या मधली गावं. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. वजनकाटा शून्यावर आणून मगच मूल बसवायचं, एवढी विद्या शिकले आणि शिकवली. तुम्ही म्हणाल, मग आहाराच्या चाचण्यांबद्दल या बाईंनी का बोलावं? कारण तुमची चाचणी शेवटी त्या काट्यावरच येऊन बसते.

ज्यांनी दंडघेराची पट्टी कधी हातात धरली नाही त्यांच्यासाठी सांगते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टीवर लाल रंग येतो. म्हणजे दंडाची जाडी पावणेचार सेंटिमीटरच्याही आत. उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलं, किंवा दोन्ही पायांवर सूज असली आणि बोट दाबल्यावर खड्डा राहत असला, तरी ते मूल तीव्र कुपोषित. हे मूल बारीक अंगाचं नसतं, ते आजारी असतं. जुलाब, न्यूमोनिया, गोवर यांतलं काहीही त्याला उचलून नेऊ शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची १०.९ टक्के मुलं उंचीच्या मानाने तीव्र कमी वजनाची आढळली. त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ९.४ टक्के होता. वाढलाय, कमी झालेला नाही.

आता पेजेचा हिशोब करू. आपल्याकडे आजारी मुलाला पहिली पेज. मीही आयांना तेच सांगत आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की अशा मुलाला उपचाराच्या काळात दर किलो वजनामागे दिवसाला १५० ते १८५ किलोकॅलरी मिळाल्या पाहिजेत. मूल सात किलोचं धरा. म्हणजे दिवसाला किमान १०५०. शंभर मिली पेजेत दहा ग्रॅम तांदूळ असला (आणि गरिबाघरच्या पेजेत तेवढा नसतोच) तर त्यातून ३५ किलोकॅलरी मिळतात. तेव्हा एक हजार पन्नास भरायला त्या सात किलोच्या पोराने रोज तीन लिटर पेज प्यायला हवी! म्हैससुद्धा विचार करील. चमचाभर तेल घाला, गूळ घाला, शेंगदाण्याचं कूट घाला, हिशोब जरा सुधारतो, पण मुलाचं पोट वाटीएवढं आणि भूक त्याहून छोटी. रोगच असा की तो भूकही खाऊन टाकतो.

याच अडचणीतून तयार पेस्टची ती प्रसिद्ध पाकिटं आली. त्याआधी दवाखान्यात दुधाची दोन मिश्रणं वापरत, एफ-७५ आणि एफ-१००. शंभर मिलीत जितक्या किलोकॅलरी तितका आकडा नावात. औषध म्हणून उत्तम, पण ती पाण्यात कालवायची, आणि पाणी स्वच्छ हवं, आणि कालवलेलं लगेच संपवायला हवं. घरी पाठवायची सोय नाही. १९९६ च्या सुमारास आंद्रे ब्रियां या फ्रेंच बालआहारतज्ज्ञाने न्यूट्रिसेट कंपनीच्या मिशेल लेस्कान यांच्यासोबत यावर उत्तर काढलं. एफ-१०० मधल्या दूधपावडरीचा काही भाग काढून त्या जागी शेंगदाण्याची पेस्ट घातली. साखर, तेल, जीवनसत्त्वं-खनिजांची पूड. नाव ठेवलं प्लम्पीनट. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० किलोकॅलरी. पाणी जवळजवळ नाहीच, त्यामुळे जंतूंना वाढायला जागा नाही. शिजवायला नको, कालवायला नको, कोपरा फाडून मुलाने चोखायचं. आफ्रिकेतल्या दुष्काळांत त्याने खूप मुलं वाचवली आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम यांनी एकत्र निवेदन काढून सांगितलं की ज्या मुलाला भूक आहे आणि दुसरी गुंतागुंत नाही, त्याला इस्पितळात न ठेवता गावातच असा आहार देऊन बरं करता येतं.

आपल्याकडे याची जी गत झाली ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. २००९ मध्ये परवानगीशिवाय आणली म्हणून ती पाकिटं केंद्राने युनिसेफला परत न्यायला सांगितली. २०१७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने राज्यांना कळवलं की या पाकिटांच्या बाजूने पुरेसा पुरावा नाही. तेव्हापासून दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो पाकीट हे औषध आहे, ते नाकारणं म्हणजे मूल मारणं. दुसरा म्हणतो पाकीट म्हणजे कंपन्यांचा धंदा, आपल्या मातीतलं अन्न हेच खरं. दोन्हींकडच्या बैठकांना मी बसले आहे. दोन्हींकडे चहा चांगला होता, आणि वजनाचे तक्ते दोन्हींकडे नव्हते.

माझं मन कुठे झुकतं, लपवत नाही. माझं मन चटणीकडे झुकतं. पण मनाच्या झुकावाला काट्यावर किंमत नसते, म्हणूनच मी चाचणी मागते आहे.

आपल्या देशात एक चांगली चाचणी झालेली आहे, तिचा निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्ली, राजस्थान आणि तमिळनाडूतली ९०६ मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट. एकाला कारखान्यात बनलेली पेस्ट, दुसऱ्याला जवळच स्थानिक पातळीवर बनवलेली पेस्ट, तिसऱ्याला घरच्या जेवणात भर घालून, म्हणजे कुटुंबाला सामान पुरवून. शिवाय घरी येऊन भरवायला मदत करणाऱ्या बाया तिन्ही गटांना. सोळा आठवड्यांच्या आत बरी झालेली मुलं: स्थानिक पेस्ट ५६.९ टक्के, कारखान्याची ४७.५, घरचं जेवण ४२.८.

हे आकडे मी किती भाषणांत ऐकलेत! “बघा, स्थानिक आहार जिंकला.” अहो, पण स्थानिक म्हणजे काय ते तरी वाचा. ते नाचणीचे लाडू नव्हते. तीच शेंगदाणा-दूधपावडर-साखर-तेलाची पेस्ट होती, तीच खनिजांची पूड घातलेली, फक्त ती लांबून आली नव्हती. त्या पुडीतच जस्त, पोटॅशियम, मॅग्नेशियम असतं, आणि अशा मुलाच्या शरीरातून नेमकं तेच वाहून गेलेलं असतं. आपल्या बक्षीसपात्र लाडवात ती पूड कुठे आहे? उलट नाचणीत फायटेट असतं, ते जस्त आणि लोह धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. नाचणीला मोड आणले की ते कमी होतं, हे आपल्या आज्यांना शास्त्र न शिकताही जमत होतं. पण स्पर्धेतल्या किती लाडवांची नाचणी मोड आणलेली होती? मी विचारलं होतं. एकीची.

त्याच चाचणीतली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. उपचार थांबले आणि मुलं नेहमीच्या सरकारी पोषण सेवेवर सोडली. शेवटी पुन्हा मोजली, तेव्हा कुपोषणातून पूर्ण बाहेर असलेल्या मुलांचं प्रमाण तिन्ही गटांत सारखंच भरलं. एवढा फरक मात्र राहिला की स्थानिक पेस्टच्या गटात पुन्हा तीव्र कुपोषणात गेलेली मुलं कमी होती, मधल्या पायरीवर अडकलेली जास्त. म्हणजे पेस्टने जिवावरचं टाळलं, पण मूल धडधाकट राहिलं नाही. आपत्तीकाळातल्या कामाची आंतरराष्ट्रीय मानकं सांगतात की उपचार घेणाऱ्या मुलांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक बरी झाली पाहिजेत. त्या रेषेला तिघांपैकी कोणीच शिवलं नाही. तेव्हा जिंकलं कोण, हरलं कोण, हे भांडण जरा बाजूला ठेवू या.

स्वस्तात करायच्या मोहाबद्दलही सांगायला हवं, कारण टेंडर निघालं की पहिला घाव दुधावर पडतो. मलावीत १८७४ मुलांवर एक चाचणी झाली होती. एका गटाच्या पेस्टमध्ये २५ टक्के दूधपावडर, दुसऱ्याच्या पेस्टमध्ये १० टक्केच, उरलेल्या जागी सोयाबीन. आठ आठवड्यांनी पहिल्या गटात ८४ टक्के मुलं बरी, दुसऱ्यात ८१. तीन टक्क्यांचा फरक कागदावर किती लहान दिसतो. एका तालुक्यात शंभर लाल पट्टीची मुलं असली तर त्यातली ती तीन कोणत्या घरची, हे मला विचारा.

आता जवळ्याकडे येते.

दूध काढायचंच असेल तर त्या जागी काय येऊ शकतं, हा प्रश्न समुद्रकाठच्या माणसाने विचारायला हवा, आणि तो कंबोडियातल्या लोकांनी विचारला. तिकडच्या पोरांना दुधाच्या पेस्टची नि बिस्किटांची चव रुचेना. मग त्यांनी मासळीची पूड घालून वेफरसारखं खाणं बनवलं आणि १२१ मुलांवर, आठ आठवडे, परदेशी दूधबिस्किटाशी त्याची तुलना केली. वजनवाढीत दोन्हींत फरक दिसला नाही. यावर टाळ्या वाजवण्याआधी पुढचं वाक्य वाचा. दोन्ही गटांत वजन फार हळू वाढलं, दर किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम. म्हणजे मासळी दुधाइतकी चालली, पण त्या परिस्थितीत दूधही फारसं चाललं नव्हतं. अशा निकालाला मी प्रामाणिक निकाल म्हणते. बांगलादेशातली मंडळी तर वेगळ्याच वाटेने गेली. ढाक्याच्या वस्तीतल्या मध्यम कुपोषित मुलांना त्यांनी हरभऱ्याचं पीठ, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्च्या केळ्याचा गर यांचं मिश्रण दिलं, पोटातल्या चांगल्या जंतूंना खाऊ मिळावा म्हणून. २०२१ मध्ये निकाल आला. त्यांच्या मिश्रणात कॅलरी कमी असूनही नेहमीच्या पेस्टपेक्षा मुलांची वाढ बरी झाली. कच्चं केळं! आपल्याकडे परसात घड लटकतोय आणि आपण त्याची भाजी करावी की वेफर यावर वाद घालतोय.

आपल्या राज्यातही हात अगदी रिकामे नाहीत. शीव रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्राने धारावीतल्या मुलांसाठी स्वतःची शेंगदाणा-दुधाची पेस्ट बनवून वापरली. मेळघाटात ‘महान’ नावाच्या संस्थेने स्थानिक घटकांत सूक्ष्मपोषकं मिसळून गावातच उपचार केले आणि नोंदी ठेवल्या. पण किनाऱ्यावर, जिथे आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बेगमीत प्रत्येक घरी सुकट, जवळा, बोंबील भरून ठेवतात, तिथे मासळीच्या उपचारात्मक आहाराची गोष्ट स्पर्धेच्या टेबलाच्या टोकावरून पुढे सरकलेली मी पाहिली नाही.

मी जवळ्याची भाट नाही. त्याच्यातही खोडी आहेत आणि त्या मला तुमच्याआधी सांगू द्या. वाळूवर वाळवलेला जवळा दाताखाली कचकचतो. तो मुलाच्या पोटात नको. त्याला वलांडीसारखी (बोंबील टांगून वाळवतात त्या मांडवासारखी) उंच, स्वच्छ जागा हवी. खाऱ्या पाण्यातला जीव, त्यामुळे मिठाचा प्रश्न येणार. २००७ च्या त्या निवेदनात शंभर ग्रॅम आहारात सोडियम २९० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं आहे, आणि सुजलेल्या मुलाला मीठ म्हणजे विष. कारखान्यांचं सांडपाणी उतरतं त्या खाड्यांतल्या मासळीत जड धातू किती, ते प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय एक चमचा कोणाला देऊ नका. एखाद्या मुलाला कोळंबीवर्गाची ॲलर्जी असू शकते. आणि शेंगदाणाप्रेमींनीही कान टवकारावेत: आपल्या दमट हवेत पावसाळ्यात शेंगदाण्याला बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष येतं. कोरड्या मुलखात ठरलेली पाककृती कोकणातल्या आषाढात जशीच्या तशी टिकेल हे गृहीत धरू नका. हे सगळं तपासायला लांब जायला नको. दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, त्याचंच रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. त्यांच्या प्रयोगशाळा आणि आपल्या अंगणवाड्या यांची ओळख करून द्यायला कोणाची हरकत असेल असं वाटत नाही.

आणखी एक इशारा, तो त्या उत्साही अधिकाऱ्यांसाठी. लाल पट्टीचं प्रत्येक मूल घरी खाऊ घालून बरं करायचं नसतं. आधी भूक तपासायची: समोर ठेवलेला आहार ते मूल खातं की तोंड फिरवतं. खात नसेल, अंगावर सूज असेल, ताप किंवा जुलाब असतील, तर ते मूल आधी दवाखान्यात. भुकेने थकलेलं शरीर पहिल्याच दिवशी भरपूर प्रथिनं आणि मीठ पेलत नाही; म्हणून तर तिथे आधी सौम्य एफ-७५ देतात. प्रेमाने भरवलेली चटणी-भाकरीही अशा वेळी घात करू शकते.

चाचणी कशी करावी, हे मी शिकवू नये. पण चाचणी कुठे बिघडेल, हे मला माहीत आहे. पहिली गोष्ट वाटपाची. वाडीतल्या एका घराला पेस्ट आणि शेजारच्याला लाडू दिलात, तर संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांत दोन्ही असतात. एकदा मी एका आईला विचारलं, पाकीट संपलं का? म्हणाली, “हो बाय, संपला.” कोणी खाल्लं? तर दादाने अर्धं, आजीने बोटभर, आणि उरलेलं छोट्याने. यात चूक कोणाची नाही. पाच तोंडांच्या घरात एकाच्याच तोंडात गोड घालायचं हे आईला जमत नाही, आणि जमू नये. तेव्हा गट घराघरांचे नको, वाड्यावाड्यांचे करा. आणि घरातल्या मोठ्या भावंडांसाठीही काही द्या, नाहीतर तुमचं औषध त्यांच्यात वाटलं जाईल आणि तुम्ही लिहाल की औषध चाललं नाही.

दुसरी गोष्ट भट्टीची. दिवाळी झाली की कातकरी वाड्या रिकाम्या होतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी कोळशाच्या भट्टीवर, पार मुलाबाळांसकट. परत येतात पावसाच्या तोंडाला. तुमची सोळा आठवड्यांची चाचणी ऑक्टोबरात सुरू झाली, तर निम्मी मुलं मध्येच ‘गैरहजर’ होतील. निकालात त्यांना वगळलंत तर उरतील ती घरं ज्यांना जावं लागत नाही, म्हणजे जरा बरी असलेली. आकडा सुंदर येईल, पण तो आमच्या वाडीचा नसेल. रत्नागिरीकडे आंब्याच्या बागांतली नेपाळी कुटुंबं, बंदरातल्या खलाशांची कुटुंबं, यांचंही तेच. त्यांचं नाव धड कोणत्याच अंगणवाडीच्या यादीत नसतं. मूल जिथे जाईल तिथे काटा गेला पाहिजे. महाग पडेल, ठाऊक आहे. मग मुलं थोडी घ्या, पण घेतलेलं मूल सोडू नका.

तिसरी गोष्ट पावसाची. आमच्याकडे मुलं खंगतात ती आषाढ-श्रावणात. मजुरी नाही, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, घरात ओल, जुलाब, आई लावणीला दुसऱ्याच्या शेतावर. माघात बरं केलेलं मूल श्रावणात पुन्हा लाल पट्टीवर येतं. म्हणून मुलगा बरा झाला, फोटो काढला, यादीतून नाव कापलं, इतक्यावर माझा विश्वास नाही. एक आख्खं वर्ष, एक आख्खा पावसाळा त्याच्यामागे राहा आणि मग निकाल सांगा.

आता मापाबद्दल माझी कबुली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका वाडीत मी एका मुलीची उंची मोजली. मुलगी रडत होती, गुडघे दुमडत होती, आई घाईत होती. मी दोनदा मोजण्याऐवजी एकदाच मोजली, आणि डोक्यावरचा तेलकट बुचडाही मापात आला. उंची जास्त लागली, त्यामुळे वजन फारच कमी दिसलं, आणि नाव तीव्रच्या यादीत गेलं. महिन्याने नीट मोजली तेव्हा ती मध्यमच्या पट्ट्यात. माझ्या वहीत मात्र दिसलं, ‘एका महिन्यात सुधारणा’. वरून शाबासकी आली. त्या पोरीने महिनाभरात वेगळं काहीच खाल्लं नव्हतं. अशी शाबासकी किती जणींना मिळाली असेल, आणि उलट बाजूने किती मुलं यादीबाहेर राहिली असतील, हा विचार मला अजून कधीकधी रात्री येतो. तेव्हा चाचणीत मोजणारी व्यक्ती वेगळी ठेवा. कोणत्या वाडीला काय दिलंय हे तिला कळू देऊ नका, प्रत्येक माप दोनदा घ्या, आणि सेविकेच्या डोक्यावर ‘सुधारणा दिसलीच पाहिजे’ हा धोंडा ठेवू नका. तिला आधीच मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरायचा आहे, सर्वेक्षणं आहेत, निवडणुकीची कामं आहेत. चाचणीचं काम तिच्या मानधनात फुकट बसवू नका, एवढं तरी.

संमतीबद्दलही बोलते. कागदावर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. कातकरी बाईला तिच्या बोलीत सांगा की हे नवं खाणं आहे, त्याने बरं होईल असं आम्हाला वाटतं पण खात्री नाही, नको म्हणालात तरी अंगणवाडीतला आहार चालूच राहील. ‘खात्री नाही’ हे वाक्य सरकारी माणसाच्या तोंडून त्या वाडीत कधी कोणी ऐकलं नसेल. ऐकलं तर विश्वास कमी होईल असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं वाढेल. आणि कोणत्याही गटाला ‘काहीच नाही’ हे चालणार नाही. प्रत्येक मुलाला आज ठाऊक असलेला उत्तम उपचार मिळालाच पाहिजे, तुलना त्याच्या वरची. चाचणी सुरू होण्याआधी तिची नोंद देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत करा, आधीच लिहून टाका की काय मोजणार आणि कधी. निकाल वाईट आला तरी छापायचा, आणि छापण्याआधी वाडीत येऊन सांगायचा.

स्पर्धेनंतर मी त्या मदतनीस बाईकडे गेले होते. तिला तिचं प्रमाण विचारलं. ती हसली. मग तिने जवळा दोनदा पाखडला, कोमट पाण्यात धुतला, कढईत कोरडाच भाजला, त्याचा वास बदलेपर्यंत, आणि खलबत्त्यात कुटला. खोबरं घातलं, मिरची मुलासाठी वगळली. तिचा दीड वर्षांचा नातू मांडीवर होता. भाकरीच्या पापुद्र्याला लावून तिने त्याला दिलं, त्याने ते चोखलं आणि तिचं बोट धरून ठेवलं. मी पिशवीतून काटा काढला आणि तिने घातलेल्या प्रत्येक वस्तूचं वजन लिहून घेतलं. तो कागद माझ्याकडे आहे. त्यातली प्रथिनं, मीठ, जस्त मला मोजता येत नाहीत. तुम्हाला येतात. तिला विचारून, तिच्या नावानेच, तो कागद मी तुमच्यापैकी जो पहिला येईल त्याच्या हाती देईन.

याल तेव्हा संध्याकाळी सहानंतर या, दिवसा वाडीवर कोणी भेटत नाही. मे संपायच्या आत या, म्हणजे भट्टीवरून परतणारी मुलं पहिल्याच आठवड्यात मोजता येतील. आणि काटा डिजिटल आणणार असाल तर सेलची जास्तीची जोडी आणा. तिथे दुकान नाही.

आपली,
एक निवृत्त पर्यवेक्षिका
जिल्हा रायगड